खिडकीजवळच्या आजींचा डावा हात

बायकांच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टरना सगळं हॉस्पिटल ‘डबा सिस्टर’ म्हणायचं. तोंडावर नाही, अर्थात. तोंडावर म्हणायची छाती कुणाची होती? पण पाठीमागे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे म्हणायचे. सिस्टरना ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

डबा बिस्किटांचा होता, पत्र्याचा, झाकणावरचं चित्र घासून घासून पुसून गेलेला. ड्युटीवर येणाऱ्या प्रत्येक पोरीनं आपला मोबाईल त्यात टाकायचा, झाकण लावायचं आणि मगच हात धुवायला जायचं. आई आजारी आहे, नवऱ्याचा फोन येणार आहे, बाळाला पाळणाघरात सोडून आलेय, असली कुठलीच सबब चालायची नाही. “वॉर्डचा नंबर देऊन ठेव घरी,” सिस्टर म्हणायच्या. “आमच्या वेळी पोरींच्या आयांकडे वॉर्डचाच नंबर असायचा आणि कुणाची आई त्यानं मेली नाही.” बोलणं जरा कडूच. पण सिस्टरांचं सगळंच सुईसारखं होतं, टोचायचं आणि औषध आत जायचं.

डब्यालाही कारण होतं. एका पोरीला त्यांनी पकडलं होतं. डाव्या हातात पेशंटचं मनगट, उजव्या हातात मोबाईल, आणि डॉक्टरांनी विचारलं तर नाडीचा आकडा बिनदिक्कत सांगून मोकळी. सिस्टरनी लगेच जाऊन स्वतः नाडी पाहिली, आकडा भलताच निघाला. त्या दिवशी त्यांनी घरून बिस्किटांचा डबा आणला. पोरी आठवडाभर रडल्या, महिनाभर कुरकुरल्या आणि मग दुसऱ्या वॉर्डांत जाऊन फुशारकी मारायला लागल्या की आमच्या वॉर्डात नाही हो असलं चालत.

आता तुम्ही विचाराल, सिस्टरांचा स्वतःचा मोबाईल कुठे असायचा? खिशात. डॉक्टरांचा ग्रुप होता ना. कुणाचं औषध बदललं, कुणाचा रिपोर्ट आला, कुणाला घरी सोडायचं, सगळं त्यावरच यायचं. तेव्हा वॉर्डात एक मोबाईल चालू हवाच आणि तो मोठ्या सिस्टरांकडेच हवा, यात गैर काय? गैर काहीच नव्हतं. फक्त ज्या मोबाईलवर डॉक्टर होते त्याच मोबाईलवर धाकटी जाऊही होती. खिसा थरथरला की आतून कोण हाक मारतंय हे बाहेर काढल्याशिवाय कसं कळणार? आणि एकदा काढला की काढला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि तो दिव्याला कधी दिसत नाही.

खिडकीजवळच्या खाटेवर तेव्हा दुकानवाल्या आजी होत्या. किराणा दुकान त्यांचं, नवराबायको मिळून चालवायचे. म्हणजे नवरा वजन करायचा आणि बाई बोलायच्या. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याच्या घरी कोण पाहुणे आलेत ते ओळखून पुडी बांधायला घेणारी बाई. तोंडाला कुलूप म्हणून नाही. एका सकाळी गिऱ्हाइकाशी बोलता बोलता अर्ध्या वाक्यात जीभ थांबली, उजवं अंग लुळं पडलं आणि त्या दुकानातून थेट इथे आल्या. डोकं शाबूत होतं. सगळं कळत होतं, सगळं ऐकू येत होतं, आणि डावा हात चालत होता. बाकी काही नाही.

बोलकं माणूस मुकं झालं की त्याचे डोळे बघवत नाहीत. सिस्टरनाही बघवले नाहीत. त्यांनी आपल्या जेवणाच्या डब्यातला स्टीलचा चमचा काढला, एका टोकाला दोरी बांधली आणि खाटेच्या लोखंडी कठड्याला आजींच्या डाव्या हाताशी लटकवला.

“ही तुमची जीभ,” त्या म्हणाल्या. “हो असेल तर एकदा वाजवा, नाही असेल तर दोनदा. काही हवं असलं तर वाजवतच सुटा. मी जिथे असेन तिथून येईन.”

आजींनी एकदा वाजवला. मग सिस्टरांकडे पाहून अर्ध्या तोंडानं हसल्या आणि वाजवतच सुटल्या. सगळा वॉर्ड हसला. संध्याकाळी दुकान बंद करून आजोबा आले, स्टुलावर बसून मऊ भात भरवता भरवता दिवसभराचं सांगायला लागले आणि मध्येच चमच्यानं त्यांना दटावलं. आजोबा सिस्टरना म्हणाले, “काय हो हे करून ठेवलंत? बोलत होती तेव्हा निदान श्वास घ्यायला तरी थांबायची.” पण त्यांचे डोळे भरून आले होते.

ती दुपार अगदी साधी होती, त्यात काही अपशकुन नव्हता. पेशंटांची जेवणं झाली होती, पोरी पाळीपाळीनं जेवायला गेल्या होत्या, उन्हाचा एक पट्टा आजींच्या पायावर आला होता. आजींच्या डाव्या हाताचं सलाईन अडलं होतं आणि हात थोडा सुजला होता. उजवा हात लुळा, तेव्हा नवी सुई डाव्या हातालाच लावायला हवी होती. आजींच्या शिरा म्हणजे लपंडाव. पोरींनी टोचून टोचून चाळण करण्यापेक्षा आपणच करावं म्हणून सिस्टर ट्रे घेऊन खाटेवर बसल्या. जुनी सुई काढली. बाही वर सारून कोपराच्या वर निळा रबरी पट्टा आवळला. शीर दिसेना म्हणून आणखी आवळला. बोटानं चाचपत होत्या तेवढ्यात खिसा थरथरला.

डॉक्टरांचा फोन. वॉर्डात आवाज तुटायचा म्हणून सगळे जिन्याजवळच्या खिडकीत जाऊन बोलायचे. “एक मिनिट हं आजी,” म्हणून सिस्टर उठल्या आणि खिडकीत गेल्या.

डॉक्टर म्हणाले, “खिडकीजवळच्या आजींचं सलाईन आता बंद करा. नीट गिळायला लागल्यात, तर सगळं तोंडानंच देऊ. बऱ्या होतायत हो तुमच्या आजी.”

सिस्टरना इतका आनंद झाला की त्या खिडकीत एकट्याच हसल्या. सलाईन बंद, म्हणजे सुई नको. सुई नको, म्हणजे सुई लावायला परत जायला नको. पट्टा सुईसाठी बांधला होता. सुई रद्द झाली आणि तिच्याबरोबर पट्टाही डोक्यातून निघून गेला. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही, असं कसं विसरेल म्हणतो. हॉस्पिटलात काम करणाऱ्या कुणालाही विचारून बघा, तो गप्प होईल.

तरीही त्या फोन खिशात टाकून वळल्या असत्या तर ट्रे दिसला असता, हात दिसला असता आणि सगळं तिथेच मिटलं असतं. पण फोन हातात होता आणि घरच्या ग्रुपवर धाकटी जाऊ कापडाच्या दुकानातून पडद्यांचे फोटो धाडत होती. ताई, पटकन सांगा, दुकानदार खोळंबलाय. फुलांचे घेऊ का मोतिया रंगाचे? सिस्टरांना निळे हवे होते, तीन आठवडे हेच चाललं होतं. लग्न होऊन सासरी गेलेली नणंद, जिचा या घरच्या पडद्यांशी काडीचा संबंध नव्हता, ती फुलांच्या बाजूनं उतरली. नवऱ्यानं नेहमीप्रमाणे सगळ्यांनाच अंगठ्याचं चित्र धाडलं. सिस्टर लिहायला लागल्या.

आतून चमचा वाजला.

“आले हं, आजी,” सिस्टर तिथूनच म्हणाल्या.

चमचा वाजत राहिला, भरभर. “आले, आले,” त्या म्हणाल्या आणि लिहिलं की फुलांचे नकोत, धुतले की विटतात. जावेनं लिहिलं की ताईंना फुलांचं वावडंच आहे, त्यावर गप्प बसणं शक्यच नव्हतं. चमचा आता मध्ये थांबून थांबून वाजत होता. मग एकदा. मग बऱ्याच वेळानं एकदा. मग वाजेनासा झाला, आणि तो थांबला तेव्हा सिस्टरना बरं वाटलं. छोटी जेवून आली असेल, तिनं पाणी दिलं असेल, असं त्यांना वाटलं.

छोटी म्हणजे वॉर्डातली सगळ्यात नवी नर्स. ती खरंच आली होती. आजींचा हात पांघरुणाबाहेर दिसला, गार लागला, म्हणून पोरीनं मायेनं बाही खाली ओढली आणि चादर गळ्यापर्यंत नीट घातली. ट्रे उचलून जागेवर ठेवला. त्याच वेळी धाप लागलेली एक बाई ट्रॉलीवरून आली आणि सगळ्या तिकडे धावल्या. सिस्टरही. त्या बाईला त्यांनी वाचवलं, हेही सांगायला हवं. दुपार त्यातच सरली.

संध्याकाळी आजोबा आले. भात भरवायला बसण्याआधी रोज बायकोचा डावा हात हातात घ्यायचे, तसा घेतला. ओरडले नाहीत. “सिस्टर,” ते म्हणाले, “हिचा हात बघता का जरा? हा माझ्या बायकोचा हात वाटत नाही.”

हात जांभळा झाला होता, बोटं टम्म सुजली होती. सिस्टरनी बाही वर सारली आणि मांसात रुतलेला निळा पट्टा दिसला. पट्टा त्यांनीच सोडला. आजींचे डोळे त्यांच्यावर होते, उघडे, कोरडे. रडून झालं होतं बहुतेक दुपारीच.

डॉक्टर आले, ऑपरेशन झालं. हात कापावा लागला नाही. पण हाताचं काम गेलं. बोटं आत वळून बसली, मनगट उचलेना. कठड्याचा चमचा कुणीतरी काढून ठेवला, कारण तो बघून आजोबा हुंदके द्यायला लागायचे.

मग चौकशी. लॅबमध्ये रक्त काढणारे एक मामा होते. पन्नाशी उलटलेले, हाताला हलके, स्वभावानं मऊ. पेशंटांना आवडायचे. पण एका कानात कायम वायर आणि वरच्या खिशात मोबाईल, त्यात क्रिकेटचे जुने सामने चालू. “मामा, रक्त काढताय का रन?” असं सिस्टरनीच त्यांना साऱ्या वॉर्डासमोर सुनावलं होतं. त्या दिवशी सकाळी मामांनी आजींच्या डाव्या हातातून रक्त काढलं होतं. निळे पट्टे लॅबमध्येही तेच आणि वॉर्डातही तेच. डॉक्टर म्हणाले, सकाळपासून पट्टा होता म्हणूनच तर सलाईन अडलं आणि हात सुजला. सगळं कसं चपखल बसलं.

हॉस्पिटलच्या साहेबांनी सिस्टरना विचारलं, “तुमच्या वॉर्डात तर मोबाईलच नसतो. म्हणजे हे बाहेरून आलेल्याचंच काम, नाही का?”

सिस्टरांची मान हलली की नुसती खाली गेली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

“मामा, पट्टा सोडल्याचं आठवतंय?” साहेबांनी विचारलं.

दुसरा कुणी असता तर छातीवर हात ठेवून हो म्हणाला असता. मामा विचारात पडले. खरंच आठवून बघायला लागले, वेडा माणूस. “साहेब, रोज इतक्या हातांना बांधतो आणि सोडतो,” ते म्हणाले. “सोडलाच असेल. पण आठवत नाही. कानात सामना चालू होता.”

झालं. मामांना घरी बसवलं, निर्णय होईपर्यंत कामावर यायचं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशानं स्वतःच मान पुढे केलेली. त्या दिवशी सिस्टर तोंडात मूग धरून बसल्या आणि पुढे रोज बसत गेल्या. उद्या सांगू, आधी आजींचा हात थोडा सुधारू दे, मग सांगू. असं म्हणता म्हणता उद्याला अंत राहत नाही.

कुणाला वाटेल, सुटल्या. कसल्या सुटतायत. घरी नवे पडदे लागले होते, शेवटी मोतियाच. संध्याकाळी दिवा लावला की भिंतभर ते पडदे दिसायचे आणि सिस्टर त्यांच्याकडे पाठ करून जेवायला बसायच्या. जेवताना मुलाचा चमचा ताटाला लागला की त्या हातातला घास ताटात परत ठेवायच्या. “हातानं जेव ना रे,” त्या एकदा म्हणाल्या. “आई, हे पातळ आहे,” मुलगा म्हणाला, “हातानं कसं जेवू?” नळ ठिबकला तरी त्या उठायच्या. शेजारी कुणी खिळा ठोकायला घेतला तर गॅलरीत जाऊन “आले” म्हणायच्या, आणि मग आपण कुणाला म्हणालो ते आठवून तिथेच उभ्या राहायच्या.

मोबाईल त्यांनी डब्यात टाकायला सुरुवात केली. डॉक्टरांना सांगितलं, काही असेल तर वॉर्डच्या फोनवर करा. पोरींना वाटलं, आजींच्या प्रकारानं सिस्टर आणखी कडक झाल्या. पण खिसा रिकामा असूनही थरथरायचा. चालता चालता मांडीला स्पष्ट जाणवायचं, कुणीतरी आतून हाक मारल्यासारखं. त्या हात घालायच्या, खिशात काही नसायचं. आणि टेबलावर डब्यात एखादा मोबाईल थरथरला की पत्र्यातून असा आवाज निघायचा, जणू आत कुणी कण्हतंय. सिस्टर झाकणावर पंजा दाबून धरायच्या. छोटी एकदा हसली, मग त्यांचा चेहरा बघून गप्प झाली.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे आजींचे डोळे. आजी काही वेगळं करत नव्हत्या. सिस्टर वॉर्डात शिरल्या की बघायच्या, निघून जाईपर्यंत बघायच्या. त्या नजरेत राग असता तर सोसला असता. राग नव्हता. आजी नुसत्या वाट बघत होत्या. अजून कुणी येईल म्हणून, तशा. सिस्टर त्यांना स्वतः भरवायच्या, स्वतः पुसायच्या, कुशीवर वळवायच्या, मेलेल्या बोटांना तेल चोळायच्या, पण त्यांच्याकडे बघायच्या नाहीत. आजोबा हे सगळं पाहून म्हणायचे, “सिस्टर, तुमचे उपकार कसे फेडू?” असं म्हटलं की सिस्टरना जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं.

मग आजोबांनीच नवी युक्ती काढली. हो असेल तर आजींनी डोळे एकदा मिटायचे, नाही असेल तर दोनदा. पाणी हवं? उशी नीट आहे? ऊन लागतंय? म्हातारा दुकानदारच, शंभर जिनसा विचारायचा आणि आजी उत्तरं द्यायच्या. सिस्टरना कळलं, आज ना उद्या आजोबा पट्ट्याचंही विचारणार. पण आजोबांनी कधी विचारलं नाही. त्यांच्या मते ते ठरलेलंच होतं, ठरलेलं पुन्हा कशाला विचारायचं आणि आजारी बाईला कशाला त्रास द्यायचा? रोज संध्याकाळी सिस्टर औषधांच्या कपाटाआड उभ्या राहून ऐकायच्या, आणि रोज प्रश्न पाण्याचेच असायचे.

एका संध्याकाळी, भेटीच्या वेळी, मामा आले. वॉर्डाच्या दारात उभे राहिले, आत पाऊल टाकेनात. दाढी वाढलेली, कानात वायर नाही. सिस्टर बाहेर गेल्या.

“येऊ का आत?” मामांनी विचारलं. “आजींच्या पाया पडायचंय. साहेबांना नका सांगू.”

“मामा, मोबाईल कुठाय तुमचा?” सिस्टरना दुसरं काही सुचलंच नाही.

“मुलीला देऊन टाकला. तुम्ही कितीदा सांगितलं होतंत, ऐकलं नाही.” मामा भिंतीला टेकले. “सिस्टर, आधी मला आठवत नव्हतं. आता आठवतं. मी पट्टा तसाच ठेवून उठतोय, बाटली खिशात टाकतोय, हसतोय कुठल्या तरी चौकारावर. डोळे मिटले की दिसतं. इतकं लख्ख दिसतं की त्यांच्या बाहीवरची शिवणसुद्धा दिसते.”

घडलंच नव्हतं ते, आणि या माणसाला दिसत होतं.

“घराला कुलूप लावतो आणि अर्ध्या वाटेवरून परत येतो, लावलं का बघायला,” मामा सांगत होते. “गॅस बंद केला का? परत येतो. बायको म्हणते, डॉक्टरला दाखवा. मी म्हणतो, दाखवून काय? ज्या हातांचा तीस वर्षं भरवसा होता त्यांचाच आता भरवसा नाही. कामावर घेतलं तरी मी सुई धरणार नाही, सिस्टर. पुन्हा कुणाचा तरी हात जाईल.”

ते आत गेले. सिस्टर त्यांच्या मागे गेल्या, कारण पाय आपोआप गेले. आजोबा स्टुलावर होते. मामांना पाहून त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मामा खाटेच्या पायथ्याशी वाकले, आजींच्या पावलांवर डोकं ठेवलं आणि म्हणाले, “आजी, चुकलो. तुमची जीभ दुसऱ्यांदा मी नेली.”

आजींनी मामांकडे पाहिलं. मग मान वळत नव्हती म्हणून नुसते डोळे वळवून सिस्टरांकडे पाहिलं, आणि तिथेच ठेवले.

“उठा मामा,” सिस्टर म्हणाल्या. “तुम्ही नाही ठेवलात. पट्टा मी बांधला होता.”

मामा उठले नाहीत. मान वर करून कीव आल्यासारखे बघायला लागले. “नका हो सिस्टर,” ते म्हणाले. “माझ्यासाठी असं नका करू.”

“मामा, मी खरं सांगतेय. दुपारी. सुई लावायला बसले होते, डॉक्टरांचा फोन आला, त्यांनी सलाईन बंद करायला सांगितलं. मी परत गेलेच नाही. फोनवर बसले.”

“तुम्ही?” आजोबा म्हणाले. “फोनवर?” आणि त्यांनी मान हलवली. “सिस्टर, तुमचं मन मोठं आहे. या माणसाची दया आली, मलाही येते. पण असं खोटं पांघरूण घालू नका. तुम्ही कोण आहात ते सगळ्या हॉस्पिटलला ठाऊक आहे.”

पलीकडच्या खाटेवरच्या बाईसुद्धा हळहळल्या. देवमाणूस आहेत सिस्टर, असं कुणीतरी पुटपुटलं. सिस्टरनी पुन्हा सांगितलं, सगळं, पडद्यांसकट, आणि जितकं सांगावं तितकी ती माणसं त्यांच्याकडे जास्तच मायेनं बघायला लागली. इतकी वर्षं मिरवलेलं नाव आज आडवं येऊन पडलं होतं, आणि त्याला ओलांडता येईना. मामा तर रडायलाच लागले, म्हणे, माझ्यामुळे तुमच्यावर खोटं बोलायची पाळी आली.

तेव्हा सिस्टर खाटेच्या कडेशी गेल्या. इतके दिवस ज्या डोळ्यांना त्या चुकवत होत्या त्या डोळ्यांसमोर वाकल्या.

“आजी, तुम्ही सांगा यांना,” त्या म्हणाल्या. “माझं कुणी ऐकत नाही. पट्टा मी बांधला ना?”

आजींनी त्यांच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग डोळे एकदा मिटले.

आजोबा उभे राहिले. “थांबा,” ते म्हणाले, “मला विचारू दे.” ते बायकोच्या तोंडाजवळ झुकले, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. “अगं, नीट ऐक. पट्टा या मामांनी ठेवला?”

डोळे दोनदा मिटले.

“या सिस्टरनी?”

एकदा. आणि मिटलेले उघडले तेव्हा त्यांतून पाणी वाहायला लागलं, थांबेना. इतक्या दिवसांत आजींना हे कुणी विचारलंच नव्हतं.

मामा फरशीवर बसले. “म्हणजे मी सोडला होता,” ते म्हणाले. दोन्ही हात समोर धरून त्यांच्याकडे बघत राहिले आणि पुन्हा म्हणाले, “मी सोडला होता.” ते कुणाला सांगत नव्हते.

आजोबांनी बायकोचे डोळे धोतराच्या सोग्यानं पुसले. त्यांचा आवाज चढला नाही. त्यांना हिशेब लागत नव्हता, एवढंच.

“पण सिस्टर,” ते म्हणाले, “चमचा होता ना तिच्या हाताशी. दुखल्यावर ती गप्प बसणारी नव्हे. तिनं वाजवला नाही?”

आता नाही म्हणता आलं असतं. विसरणं माणसाकडून होतं, विसरण्याला माफी असते. सिस्टरनी आजींकडे पाहिलं. आजी वाट बघत होत्या.

“वाजवला,” सिस्टर म्हणाल्या. “मला ऐकू येत होता. मी तिथूनच ‘आले’ म्हणाले. आणि थांबला तेव्हा मला बरं वाटलं.”

आजोबांनी भिंतीजवळचं स्टूल उचललं, खाटेला वळसा घालून या बाजूला आणलं, सिस्टर आणि आजींच्या मध्ये ठेवलं आणि सिस्टरांकडे पाठ करून त्यावर बसले.